हरभरा दरवर्षी त्याच पट्ट्यात का वाळतो? आधी मूळ बघा, मग औषध

तक्रार साधारण अशी असते. उगवण झकास, पहिले तीन-चार आठवडे पीक जोमात, मग एखाद्या सकाळी दोन-चार झाडे माना टाकलेली दिसतात. आठवड्याभरात तिथे टक्कल पडते. पाणी देऊन बघितले, फरक नाही. बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे औषध मुळाशी ओतले, फरक नाही. पुढच्या हंगामात बियाणे बदलले, तरी त्याच पट्ट्यात पुन्हा तेच.

यावर मिळणारे ठरलेले उत्तर म्हणजे "मर आहे, अमुक पावडर टाका." कधीकधी ते बरोबर निघते, म्हणून तर ते टिकून आहे. पण उभ्या पिकात हरभरा वाळण्याची निदान सात-आठ कारणे आहेत, आणि त्यातल्या काहींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एका रोगात पाणी तोडावे लागते, दुसऱ्यात वेळेवर द्यावे लागते. कारण न बघता केलेला उपाय नुसता वाया गेला असता तर चालले असते, पण तो बऱ्याचदा नुकसान वाढवतो.

हा गोंधळ जुनाच आहे. हरभऱ्याच्या मर रोगाची नोंद वनस्पती रोगशास्त्रज्ञ बटलर यांनी १९१८ मध्ये केली. तो नेमक्या कोणत्या बुरशीमुळे होतो हे मात्र पॅडविक यांच्या कामातून १९४० मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतरही बरीच वर्षे वाळणाऱ्या सगळ्या हरभऱ्याला 'विल्ट कॉम्प्लेक्स' असे एकच नाव देऊन शास्त्रज्ञही मोकळे होत. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि तिथे यशवंत नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुंता सोडवला. मर वेगळी, कोरडी मूळकूज वेगळी, मानकूज वेगळी, खुजा रोग वेगळा. तुम्हालाही आपल्या जमिनीत हीच वर्गवारी करायची आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. खुरपे, धारदार पाते आणि बादलीभर पाणी पुरते.

उपटण्याआधी नुसते बघा

पहिला प्रश्न झाडाच्या वयाचा. पेरणीनंतर महिन्याच्या आत गेले, फुलोऱ्यात गेले की घाटे (शेंगा) भरताना गेले? दुसरा प्रश्न नुकसानीच्या आकाराचा. मेलेली झाडे इथे एक तिथे एक विखुरलेली आहेत, गोल टापू पडलाय, की ओळीने गेली आहेत? सखल भागात, पाटाच्या तोंडाशी, बांधाच्या सावलीत की उंचवट्यावर?

सखल जागी किंवा पाट फुटतो तिथे टापू असेल तर संशय आधी पाण्यावर घ्या, मग बुरशीवर. ओळीतली रोपे कोवळ्या वयात जमिनीलगत कापून आडवी पडलेली असतील तर रोग शोधत बसू नका, मातीत बोटभर खोल उकरा. रोपे कुरतडणारी अळी दिवसा तिथेच वेटोळे करून पडलेली सापडते. झाड वाळलेय आणि मुळावर मातीचे थर, आतून पोखरलेले असेल तर वाळवी. ही दोन कारणे एका मिनिटात निकालात निघतात, तरी त्यांच्यासाठी बुरशीनाशक फवारणारे लोक आहेत.

आणखी एक. भर दुपारी पाने मलूल झाली पण संध्याकाळी पुन्हा तरतरीत झाली, तर तो रोग नाही. झाड उन्हात पाणी वाचवतेय एवढेच. सकाळी उठून बघितल्यावरही मान खाली असेल तर मात्र खुरपे घ्या.

अर्धमेले झाड निवडा

पूर्ण वाळलेल्या झाडात नंतर आलेल्या किरकोळ बुरश्याही वाढलेल्या असतात. त्यावरून काहीच सांगता येत नाही. नुकतीच मान टाकू लागलेली तीन-चार झाडे घ्या, आणि तुलनेला शेजारचे एक धडधाकट झाड. ओढून उपटू नका. भोवतीची माती खुरप्याने सैल करून अख्खे सोटमूळ वर काढा. मुळाचे टोक जमिनीत तुटून राहिले तर तीही खूणच असते, पण ते तुमच्या हिसक्याने तुटले की आधीच कुजले होते हे कळायला हवे. मग मुळे बादलीत हलवून धुवा.

आता जमिनीलगतच्या भागापासून वर चार-पाच सेंटिमीटर खोड उभे चिरा. निरोगी झाडात आतला भाग पांढरट-हिरवट, ओलसर दिसतो. खरी मर असेल तर मधोमध गडद तपकिरी ते काळी रेघ वर चढलेली दिसते. जलवाहिन्या आतून माखलेल्या असतात. गंमत म्हणजे बाहेरून मूळ बऱ्यापैकी शाबूत असते. साल गळत नाही, कुजका वास नाही, बुरशीची पांढरी जाळी नाही. बाहेर स्वच्छ आणि आत काळे, ही फ्युजेरियम या बुरशीने येणाऱ्या मरीची सही. हिरवट रंग तसाच ठेवून रोप लोळले असेल, किंवा मोठ्या झाडाच्या एक-दोनच फांद्या लोंबल्या असतील, तर हा संशय आणखी पक्का होतो.

एकच झाड चिरून निष्कर्ष काढू नका. एकाच पट्ट्यात दोन रोग सुखाने नांदतात. तीनपैकी दोन झाडांत काळी रेघ आणि तिसऱ्याचे मूळ काडीसारखे कडक, असा निकाल मिळाला तर तो चुकलेला नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

काळी रेघ नसेल तर

जमिनीलगत खोड कुजून बारीक झालेय, त्यावर पांढरी कापसासारखी वाढ आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात? ही मानकूज, स्क्लेरोशियम बुरशीची. बहुतेक पहिल्या दीड महिन्यातच येते. गरम आणि ओली माती, आणि वरच्या थरात आधीच्या पिकाचे न कुजलेले काड किंवा कच्चे शेणखत असेल तर ती फोफावते. इथे दोष बहुधा पेरणीच्या घाईचा असतो. धसकटे कुजायच्या आत पेरले आणि उगवणीनंतर पाणी दिले, की मानकुजीला रान मोकळे. कोवळे रोप आधी पिवळे पडते आणि मग जाते. मरीत ते हिरवे असतानाच लोळते. हा फरक लांबूनही ओळखू येतो.

कोरडी मूळकूज याच्या दुसऱ्या टोकाला. पीक फुलोऱ्यात किंवा घाट्यात, जमिनीतली ओल संपत आलेली, तापमान तिशीच्या वर, आणि अचानक झाडे गवताच्या रंगाची होऊन उभ्या उभ्या वाळतात. फार लोंबत नाहीत. खणून बघाल तर सोटमूळ काळपट, तंतुमुळे जवळपास नाहीशी, आणि मूळ वाकवले की वाळक्या काटकीसारखे कट्कन मोडते. साल सोलून भिंगातून बघितल्यास आत कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके दिसतात. ते या मॅक्रोफोमिना बुरशीचे बीज. ही बुरशी ताणात सापडलेल्या झाडावर झडप घालते. म्हणून मर समजून इथे पाणी बंद केले, तर तुम्ही तिला मदतच करता.

ओल्या मूळकुजीत (रायझोक्टोनिया) पांढरी जाळी नसते, पण जमिनीलगत गडद तपकिरी चट्टा पडून तो वर फांद्यांकडे सरकतो. जमीन सतत ओली असल्याशिवाय ती सहसा दिसत नाही.

खुज्या रोगाबद्दल थोडे सविस्तर, कारण तो मर म्हणून सर्रास खपतो. हा विषाणूंचा प्रताप. मावा आणि तुडतुडे तो पसरवतात. झाड बुटके राहते, पेरे आखडतात, पाने जाड आणि ठिसूळ होतात. देशी वाणात पानांवर लालसर-तपकिरी छटा येते, काबुलीत पिवळी. शेवटी झाड वाळतेच, त्यामुळे उशिरा बघणाऱ्याला मर वाटते. इथेही पात्याने काम भागते, फक्त पद्धत वेगळी. खोड मधोमध चिरू नका. जमिनीलगतची साल हलकेच खरवडा. सालीलगतचा थर, म्हणजे अन्नवाहिन्यांचा भाग, तपकिरी आणि त्याच्या आतले लाकूड स्वच्छ असेल, तर विषाणू. आतला गाभा काळा असेल, तर फ्युजेरियम. विषाणू लागलेल्या झाडाला कोणतीही आळवणी उपयोगाची नाही. अशी झाडे उपटून टाका आणि पुढच्या वेळी पीक विरळ ठेवू नका. उघडी जमीन मधे मधे दिसणाऱ्या विरळ पिकात हा रोग जास्त दिसतो.

मुळांवर गाठी दिसल्या तर लगेच आनंद नको, लगेच घाबरणेही नको. रायझोबियमच्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि बोटाने खुडता येतात. एखादी फोडून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र पुरवतेय. सूत्रकृमींची (मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांची) गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती वेगळी खुडता येत नाही. सूत्रकृमी स्वतः झाड चटकन मारत नाहीत. पण त्यांनी केलेल्या जखमांमधून फ्युजेरियमला आयती वाट मिळते, आणि मरीला दाद न देणारा वाणही अशा जमिनीत कोलमडू शकतो.

रोगच नसतो तेव्हा

हरभऱ्याचे सोटमूळ मोकळ्या, खोल जमिनीत मीटरभर आणि त्याहून खाली जाते. साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या या पिकाला मुळाशी हवा लागते. तळाला घट्ट थर असेल, पाणी दोन-तीन दिवस साचून राहात असेल, तर आधी खालची पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि मग झाड जाते. एक खूण उपयोगी आहे. पाणी साचून नुकतेच मेलेले झाड सहजासहजी उपटत नाही, कारण मुळे अजून कुजलेली नसतात. पाणी ओसरून काही दिवस गेल्यावर झाडे एकेक करून वाळू लागली आणि ओढताच हातात आली, तर मूळकूज शिरली असे समजा.

खारवट जमिनीला हरभरा फार लवकर दाद देतो, म्हणजे वाईट अर्थाने. जुन्या पानांच्या कडा आणि टोके आधी करपतात. देशीत लालसर आणि काबुलीत पिवळसर रंग इथेही येतो, म्हणून विषाणूशी गल्लत होते. पण खाराने अख्खा पट्टा सारखा बसतो. विषाणू धडधाकट झाडांच्या मधे एखादे झाड निवडतो. वाळल्यावर जमिनीवर पांढरा थर येत असेल तर वेगळा पुरावा नको. अशा ठिकाणी दरवर्षी त्याच जागी नुकसान होणे साहजिकच आहे, आणि बुरशीनाशकाने क्षार जात नाहीत.

चुनखडीच्या जमिनीत पाणी दिल्यानंतर शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडणे हा लोहाचा प्रश्न. जमीन वाफशावर आली की पुष्कळदा आपोआप हिरवी होतात. नाहीच झाली तर अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी पुरते.

फुले येऊन घाटे न धरणे ही तक्रारही बरेच जण मरीसोबत जोडतात. ती वेगळीच. दिवस-रात्रीचे सरासरी तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर फुले धरत नाहीत, आणि पारा ३५ च्या वर गेला तर परागकण निकामी होऊ लागतात. झाड हिरवे आहे ना? मग थांबा.

त्याच जागी पुन्हा पुन्हा का?

निदान मर असे निघाले, तर त्रासाचे मूळ बुरशीच्या चिवटपणात आहे. ही बुरशी जाड भिंतीचे बीजाणू करून मातीत पडून राहते. हरभरा लावला नाही तरी सहा वर्षांपर्यंत ती जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे एक वर्ष ज्वारी घेऊन पुन्हा हरभरा, ही फेरपालट जमिनीला चांगली असली तरी मर संपवण्यासाठी ती नाममात्र आहे.

बेवड, म्हणजे फेरपालटीचे पीक, निवडताना आणखी एक खाच आहे. मसूर, वाटाणा आणि तूर यांच्या मुळांत ही बुरशी काहीही लक्षण न दाखवता राहू शकते. बाधित पट्ट्यात हरभऱ्याऐवजी मसूर लावून 'बदल केला' असे समाधान मानले, तर बुरशीला खाणावळ चालूच राहिली. त्या जागी तृणधान्य, तेलबिया, भाजीपाला असे काहीतरी बिगर-कडधान्य घ्या. मानकुजीबाबत तर पर्याय आणखी कमी, कारण स्क्लेरोशियम शेकडो वनस्पतींवर जगते. तिथे फेरपालटीपेक्षा काडीकचरा कुजवणे आणि वरचा थर कोरडा ठेवणे जास्त कामाला येते.

दुसरे कारण बियाणे. बाधित झाडाच्या दाण्यातून बुरशी पुढे जाते. असा दाणा बऱ्याचदा हलका, सुरकुतलेला असतो, पण दरवेळी नाही. टापूच्या कडेला 'वाचलेल्या' झाडांचे बी ठेवायचा मोह होतो, ती टिकाऊ वाटतात म्हणून. त्यातली काही उशिरा बळी पडणारी असतात, इतकेच. काही वाण पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांतच लोळतात, काही फुलोऱ्यापर्यंत तग धरून मग जातात. पहिल्या प्रकारात जेजी ६२ हा जोडघाट्यांचा वाण इतका हमखास मरतो की चाचणीच्या शेतात तो मुद्दाम मधल्या ओळींत लावतात. तो मेला नाही तर त्या मातीत पुरेशी बुरशीच नाही असे समजतात.

तिसरे कारण तुमच्या हातात आहे आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. बाधित पट्ट्यातली माती नांगराला, पायाला, पाटपाण्याला लागून पुढे जाते. आधी चांगला भाग, शेवटी बाधित भाग, असा मशागतीचा क्रम ठेवायला खर्च येत नाही.

प्रतिकारक वाण घेतला तरी मेला

याचे स्पष्टीकरण बहुधा 'बियाणे भेसळीचे' असे दिले जाते. तसे असेलही. पण फ्युजेरियमच्या या प्रकाराचे आजवर आठ उपप्रकार (रेस) नोंदले गेले आहेत, आणि वाणाची प्रतिकारशक्ती ठरावीक उपप्रकारांपुरतीच असते. शेजारच्या जिल्ह्यात न मरणारा वाण तुमच्याकडे मरू शकतो. शिवाय मरीला प्रतिकारक म्हणजे कोरड्या मूळकुजीला प्रतिकारक नव्हे. वाणाच्या माहितीपत्रकात कोणत्या रोगाचे नाव लिहिलेय ते शब्दशः वाचा. नुसते 'रोगप्रतिकारक' लिहिलेले असेल, तर मी तो शब्द वाचलाच नाही असे धरून चालेन. पाकीट विकत घेण्याआधी, त्याच प्रकारच्या जमिनीत तो वाण सलग काही वर्षे कोणाकडे टिकलाय का, हे विचारणे जास्त भरवशाचे.

पेरणीची वेळ: इथेच खरी कसरत आहे

हरभरा थंड, कोरड्या हवेचा. वाढीला साधारण १८ ते २६ अंश मानवते. लवकर पेरले तर माती अजून गरम असते, आणि सुमारे २५ अंश तापमान फ्युजेरियमला फार भावते. मानकूजही याच काळात. उशिरा पेरले तर या दोन्हींपासून सुटका होते, पण पीक घाट्यात येईपर्यंत ओल संपते, ऊन तापते आणि कोरडी मूळकूज दारात उभी. म्हणजे पेरणी पुढे-मागे करून तुम्ही रोग टाळत नाही, कोणता रोग पत्करायचा ते ठरवता.

पश्चिम आशियात हाच पेच दुसऱ्या रोगाने घातला होता. हिवाळ्यातल्या पावसात ॲस्कोकायटा करपा पीक फस्त करायचा, म्हणून शेतकरी वसंतात पेरत आणि शेवटच्या कोरड्या दिवसांत उत्पादन गमावत. तेव्हा सीरियात अलेप्पोजवळ असलेल्या इकार्डा या शेती संशोधन संस्थेने करप्याला तोंड देणारे वाण देऊन हिवाळी पेरणीची वाट खुली केली आणि उत्पादन वाढले. वेळ बदलता आली ती वाण बदलल्यामुळे. तुमच्याकडे खोड चिरल्यावर मर निघाली असेल तर मरीला टिकणारा वाण घेऊन वेळेवर पेरा. मूळकूज निघाली असेल तर लवकर तयार होणारा वाण घ्या, म्हणजे ऊन तापायच्या आत घाटे भरतील. दोन्ही निघाले तर गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, वाणाचा विचार सोडा.

पेरणीपूर्वी करायचे, आणि क्रमाने करायचे

वाळलेले झाड कशानेही परत येत नाही, हे आधी मान्य करा. जलवाहिन्या बुजल्यावर वरून ओतलेले औषध आत चढणार तरी कुठून? आळवणीने झालाच तर शेजारच्या झाडांना थोडा उपयोग. खरी संधी बी मातीत पडायच्या आधी असते.

बीजप्रक्रियेत दोन वाटा आहेत आणि त्या मिसळायच्या नाहीत. एक रासायनिक: थायरम आणि कार्बेन्डाझिमसारखे मिश्रण, लेबलवर दिलेल्या प्रमाणात, आणि तुमच्या भागात त्याला परवानगी असेल तरच. दुसरी जैविक: ट्रायकोडर्मा. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे बुरशीनाशकाने आपल्याच कामाची बुरशी मारणे. ती मित्रबुरशी असली तरी औषधाला ते कळत नाही. कोणतीही वाट धरा, रायझोबियम नेहमी सगळ्यात शेवटी, पेरणीच्या थोडे आधी. बियाणे सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रायझोबियमचे पाकीट हरभऱ्याचेच हवे. सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे चालत नाही, हरभऱ्याचा जिवाणू वेगळा आहे.

ट्रायकोडर्मा जमिनीत द्यायचा असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत दहा-पंधरा दिवस वाढू द्या आणि मग ओळीत टाका. कोरड्या मातीवर नुसती पावडर उधळून फारसे काही होत नाही.

बी पाच ते आठ सेंटिमीटर खोल पडू द्या. हरभऱ्याच्या बियांच्या दोन्ही डाळी (बीजदले) जमिनीखालीच राहतात, त्यामुळे खोल पेरल्याने उगवण अडत नाही, उलट बी ओलीत पडते. वरवर पेरलेले बी कोरड्या-ओल्या थराच्या सीमेवर लोंबकळते आणि मग उगवणीसाठी पाणी द्यावे लागते. मानकुजीची सुरुवात नेमकी तिथून होते. काबुलीचे टरफल पातळ, ते बी ओल्या गार मातीत लवकर सडते, म्हणून काबुलीला बीजप्रक्रिया चुकवू नका.

पाण्याबाबत एकच नियम सगळीकडे लागू नाही. मर आणि मानकूज असलेल्या पट्ट्यात उगवणीनंतरची पहिली पाळी शक्य तितकी लांबवा, सपाट वाफ्याऐवजी रुंद वरंब्यावर पेरा, पाणी सरीतून जाऊ द्या. कोरडी मूळकूज येत असेल तर भेगा पडायची वाट बघू नका. फुले लागायच्या सुमारास आणि घाटे भरताना हलके पाणी द्या. मोठ्या भेगा पडल्यावर दिलेले पाणी भेगांतून खाली उतरते, वरची मुळे आधीच तुटलेली असतात, आणि एका दिवसात कोरड्यातून तुडुंब ओलीत गेलेले झाड दोन्हीकडून मार खाते.

टापू लहान असेल, परसातला वाफा असेल, तर उन्हाने माती तापवणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाच्या काळात माती भुसभुशीत करा, पाणी देऊन ओली करा, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा, आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. काळे प्लास्टिक नको, ते स्वतः तापते पण ऊन आत जाऊ देत नाही. नंतर खोल नांगरट करू नका, नाहीतर खालची न तापलेली माती वर येईल. मोठ्या क्षेत्राला हे परवडत नाही. तिथे तो टापू बरीच वर्षे बिगर-कडधान्याला सोडून देणे स्वस्त पडते.

कुंडीतल्या हरभऱ्याचे काम सोपे. जुनी माती फेका, कुंडी धुवा, तळाचे भोक मोकळे ठेवा. कुंडीत मरण्याचे कारण बहुधा जास्त पाणी हेच निघते.

दोष बियाण्यात की मातीत?

हे खात्रीने कळायला चार कुंड्या लागतात. दोन कुंड्यांत बाधित पट्ट्याची माती, दोनांत जिथे हरभरा कधीच लावला नाही अशा जागेची. प्रत्येक जोडीतल्या एका कुंडीत तुमचे नेहमीचे बी, दुसरीत विश्वासू ठिकाणचे प्रक्रिया केलेले बी. चारही कुंड्या एकाच जागी ठेवा, पाणी सारखे द्या, हवा फार गार नसावी. महिनाभर बघा. पट्ट्याच्या मातीत दोन्ही बियाणी मेली तर दोष मातीचा. दोन्ही मातींत तुमचेच बी मेले तर दोष बियाण्याचा, आणि चांगल्या मातीत ते पेरून तुम्ही नवा पट्टा तयार करत होता. एकही रोप गेले नाही तर उशिरा येणारा रोग, पाणी किंवा क्षार यांच्याकडे मोर्चा वळवा. कोरडी मूळकूज या चाचणीत सापडायची नाही, कारण तिला फुलोरा आणि ताण दोन्ही लागतात.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे नमुना द्या. अर्धमेली चार-पाच झाडे मुळासकट, मुळाभोवतीच्या मातीसह, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवले तर घाम सुटून पोहोचेपर्यंत भलतीच बुरशी वाढते आणि अहवालात तिचेच नाव येते. सोबत चिठ्ठीवर वाणाचे नाव, पेरणीची तारीख, पहिले झाड कधी लोळले, शेवटचे पाणी कधी दिले आणि त्या जागी आधीच्या तीन-चार हंगामांत काय होते ते लिहा.